गतिरोधक नळ्या, अभिजात क्रीडा मोटारगाड्यांच्या

मोटारगाडीच्या गतिरोधकाच्या म्हणजे ब्रेकच्या पेडलावर पायाने दिलेला दाब द्रवाच्या माध्यमातून चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या धातूच्या बारीक नळ्या आणि त्यांना हलत्या भागांशी जोडणारे रबरी लवचिक नळ यांना एकत्रितपणे गतिरोधक नळ्या म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून सु. १९८० पर्यंत तयार झालेल्या आणि आज छंद म्हणून किंवा ऐतिहासिक वस्तू म्हणून जतन केल्या जाणाऱ्या हलक्या, वेगवान, बहुधा दोन आसनी गाड्यांना अभिजात क्रीडा मोटारगाड्या म्हणजेच ‘क्लासिक स्पोर्ट्‌स कार’ असे संबोधितात. इंग्लंडमधील एमजी, ट्रायंफ व जॅग्वार, जर्मनीतील पोर्शे, इटलीतील आल्फा रोमिओ आणि अमेरिकेतील शेव्हर्ले कॉर्व्हेट ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या गाड्यांच्या मूळ नळ्यांचे आयुष्य आता बहुतेक संपले आहे. त्यांच्या जागी योग्य नळ्या मिळविणे वा करून घेणे हे गाडीच्या पुनरुज्जीवनातील सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे. मात्र त्यात झालेली चूक सर्वांत महाग पडते, कारण ती बहुधा गाडी तातडीने थांबविण्याच्या क्षणीच उघडकीस येते.

इतिहास : बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल यांनी सतराव्या शतकात मांडला. गाडीच्या गतिरोधकासाठी त्याचा व्यवहार्य उपयोग अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी केला. त्यांनी १९१७ मध्ये द्रवचालित गतिरोधकाचे एकस्व घेतले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग ‘मॉडेल ए’ या गाडीच्या चारही चाकांना तो बसविण्यात आला. १९२४ मध्ये क्रायस्लर गाडीत तो आल्यानंतर त्याचा प्रसार वाढला. तोपर्यंत दांडे व तारा यांनी ओढल्या जाणाऱ्या गतिरोधकात चारही चाकांचा जोर सारखा ठेवणे अवघड जाई. द्रवामुळे ही अडचण आपोआप दूर झाली.

इंग्लंडमध्ये लॉकहीड पद्धतीचे उत्पादन लेमिंग्टन स्पा येथील ‘ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स’ ही कंपनी करू लागली. एमजीच्या ‘टी’ मालिकेतील १९३६ च्या ‘टीए’ या पहिल्याच गाडीत द्रवचालित गतिरोधक होते. १९५३ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे तबकडी गतिरोधक बसविलेल्या जॅग्वार ‘सी-टाइप’ गाडीने विजय मिळविला आणि त्यानंतर ड्रमच्या जागी तबकडी येऊ लागली. १९५६ मध्ये ट्रायंफ ‘टीआर ३’च्या पुढील चाकांना, तर १९६१ मध्ये जॅग्वार ‘ई-टाइप’च्या चारही चाकांना तबकड्या होत्या. गतिरोधक असे बदलत गेले, तरी पेडल व चाक यांना जोडणारी बारीक पोलादी नळी मात्र जवळजवळ तशीच राहिली.

कार्य व दाब : पेडल ही एक तरफ असून ती प्रधान सिलिंडरातील दट्ट्या पुढे ढकलते. समजा, पायाचा जोर ३० किग्रॅ. आहे व तरफेमुळे तो पाचपट होतो. मग दट्ट्यावर १५० किग्रॅ. जोर पडेल. दट्ट्याचा व्यास १९ मिमी. म्हणजे क्षेत्रफळ सु. २.८५ चौ. सेंमी. असल्यास द्रवातील दाब दर चौ. सेंमी.ला सु. ५३ किग्रॅ. होईल. अचानक समोर कोणी आले आणि चालकाने दुप्पट जोराने पेडल दाबले, तर हा दाब दर चौ. सेंमी.ला १०० किग्रॅ. च्या वर जातो. नेहमीच्या संथ थांबण्यात मात्र तो २० किग्रॅ. च्या आसपासच असतो. साधा व असाधारण दाब यांतील हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

धातूची नळी व तिचा ऱ्हास : अभिजात गाड्यांत सर्वाधिक आढळणारी नळी ३/१६ इंच म्हणजे सु. ४.७५ मिमी. बाह्य व्यासाची असून तिच्या भिंतीची जाडी सु. ०.७ मिमी. असते. काही ठिकाणी १/४ इंची म्हणजे ६.३५ मिमी. व्यासाची नळी वापरलेली असते. मूळ नळी बहुधा दुपदरी पोलादाची असते. तांब्याचा मुलामा दिलेली पातळ पोलादी पट्टी स्वतःभोवती दोनदा गुंडाळून ती भट्टीत तापवितात. मुलाम्याचे तांबे वितळून दोन्ही पदर एकजीव होतात. या नळीला तिच्या मूळ अमेरिकन उत्पादकाच्या नावावरून ‘बंडी नळी’ असेही म्हणतात. गंज लागू नये म्हणून तिच्या बाहेरून शिसे-कथिलाचा किंवा जस्ताचा पातळ थर देतात.

हा थर दगडगोट्यांच्या माऱ्याने, पट्ट्यांच्या घर्षणाने किंवा नुसत्या काळाने निघून जातो. यूरोप व उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात आणि ते गाडीच्या तळाशी साचते. मुंबई, कोकण व गोवा येथे हेच काम समुद्राची खारी, दमट हवा करते. नळीला आतूनही धोका असतो. ग्लायकॉलयुक्त गतिरोधक द्रव हवेतील पाणी शोषून घेतो व वर्षानुवर्षे न बदलल्यास आतून संक्षारण सुरू होते. चौकटीला नळी जखडणाऱ्या पट्टीखाली ओल साचते. त्यामुळे दिसणारा भाग चांगला आणि पट्टीखालचा कुजलेला, असे वारंवार आढळते.

येथे एक साधे गणित उद्‌बोधक ठरेल. पातळ भिंतीच्या नळीत परिघाच्या दिशेने निर्माण होणारा ताण काढण्यासाठी द्रवाच्या दाबाला नळीच्या आतील व्यासाने गुणून भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागतात. वरील नळीचा आतील व्यास सु. ३.३५ मिमी. आहे. दाब १०० किग्रॅ. असताना नव्या नळीच्या भिंतीत दर चौ. सेंमी.ला सु. २४० किग्रॅ. ताण येतो. या पोलादाचे बल सु. ३,३०० किग्रॅ. असल्याने सुरक्षिततेचे प्रमाण तेरापटींहून अधिक पडते. बाहेरून गंजून भिंत निम्मी झाली तरी ताण ४८० किग्रॅ. च इतका असतो. ती ०.०५ मिमी. म्हणजे मूळच्या चौदाव्या हिश्शावर आली, की जोराच्या दाबाखाली ताण ३,३५० किग्रॅ. होतो आणि नळी फुटते. पण याच कुजलेल्या नळीत २० किग्रॅ. च्या नेहमीच्या दाबाने फक्त ६७० किग्रॅ. ताण येतो व ती तो निमूटपणे सहन करते.

तात्पर्य, गंजलेली नळी रोजच्या वापरात कोणतीही पूर्वसूचना देत नाही आणि पेडल सर्व शक्तीनिशी दाबले जाते तेव्हाच ती फुटते. ‘गाडी व्यवस्थित थांबते’ हा नळी चांगली असल्याचा पुरावा नव्हे. पृष्ठभागावर खवले निघणारी किंवा खड्डे पडलेली नळी घासून व रंगवून पुन्हा वापरणे म्हणूनच अयोग्य ठरते. हा धोका केवळ फार जुन्या गाड्यांनाच असतो असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये मिठाच्या प्रदेशांतील वाहनमालकांना २००७ व त्यापूर्वीच्या गाड्यांच्या गतिरोधक नळ्या तपासून घेण्याची व गाडीचा तळ धुण्याची सूचना दिली होती.

एकेरी व दुहेरी मंडल : अनेक अभिजात गाड्यांत प्रधान सिलिंडर एकच असून त्याच्यापासून निघालेली नळी चारही चाकांना जाते. अशा एकेरी मंडलात कोठेही गळती झाली, तर चारही चाकांचा गतिरोध एकाच वेळी जातो आणि चालकापाशी फक्त हातब्रेक उरतो. जॅग्वार ‘ई-टाइप’मध्ये पुढील व मागील चाकांसाठी प्रारंभापासून स्वतंत्र प्रधान सिलिंडर होते. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या प्रवासी गाड्यांना दुहेरी मंडल सक्तीचे झाले. त्यामुळे तेथे निर्यात होणाऱ्या एमजी ‘बी’मध्ये दुहेरी मंडल आले. इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या त्याच गाडीत मात्र ते त्यानंतर अनेक वर्षांनी आले. एकेरी मंडलाच्या गाडीत नळ्यांची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागते, कारण तिथे चुकीला दुसरा आधार नसतो.

योग्य नळीची ओळख : बदली नळी शोधताना गाडीचे नाव व वर्ष सांगणे पुरेसे नसते. इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली एमजी ‘बी’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. चालकाचे चक्र उजवीकडे की डावीकडे, मंडल एकेरी की दुहेरी, जोर वाढविणारे निर्वात साहाय्यक यंत्र आहे की नाही, यांवर तिच्या पुढील भागातील नळ्यांचा मार्ग बदलतो. तिच्या मागील आसातही बदल झाला. १९६५ मध्ये आलेल्या बंद छपराच्या ‘जीटी’ प्रकाराला आरंभापासून नवा नळीच्या आकाराचा आस होता, तर उघड्या गाडीला तो १९६७ मध्ये मिळाला. आसाच्या प्रकारानुसार त्यावरील नळ्याही वेगळ्या असतात. म्हणून गाडीचा चौकट-क्रमांक पाहून उत्पादकाच्या सुट्या भागांच्या सूचीतून त्या क्रमांकाला लागू असलेला भाग काढणे ही पहिली पायरी होय. त्यातही साठ वर्षांत कोणी आस किंवा सिलिंडर बदलला असण्याचा संभव असतो. त्यामुळे सूचीतील माहिती प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावी लागते.

यानंतर नळीचा व्यास, नटाचे आटे व नळीच्या मुखाचा आकार या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. व्यास मापकाने सहज मोजता येतो. उरलेल्या दोन बाबतींत मात्र नजरेची फसगत होते.

आटे : १९५० नंतरच्या इंग्लिश गाड्यांत ३/१६ इंची नळीला बहुधा ३/८ इंच व्यासाचा, दर इंचाला २४ आटे असलेला नट असतो. पोर्शे, आल्फा रोमिओ वगैरे यूरोपीय गाड्यांत त्याच मापाच्या नळीला १० मिमी. व्यासाचा व १ मिमी. अंतराच्या आट्यांचा नट येतो. इंची नटाचा व्यास ९.५२ मिमी. व आट्यांतील अंतर १.०६ मिमी. भरते. म्हणजे दोन्ही नट हातात घेतल्यास सारखेच वाटतात. इंची नट मेट्रिक भोकात किंचित सैल बसतो व घट्ट झाल्याचा भासही होतो. परंतु त्याच्या आट्यांची पकड अपुरी असते आणि मोठ्या दाबाखाली तो निसटू शकतो. उलट, मेट्रिक नट इंची भोकात एखादा फेरा जाऊन अडतो व पान्याने जोर केल्यास सिलिंडराचे आटे कायमचे बिघडतात. नट प्रथम पान्याशिवाय केवळ बोटांनी अनेक फेरे सहज जावा व डुगडुगू नये, ही सोपी परीक्षा प्रत्येक जोडणीला करावी. शंका असल्यास आट्यांच्या मापपट्टीने मोजून खात्री करावी.

भारतात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावरून बनलेली व २०१४ पर्यंत उत्पादनात असलेली अँबॅसडर इंग्लिश परंपरेतील, तर मुंबईत बनलेली प्रीमियर पद्मिनी ही फियाट ११०० वरून आलेली इटालियन परंपरेतील गाडी होती. दोन्हींचे जुने नट, नळ्या व जोडण्या एकाच कारागिराच्या एकाच डब्यात मिसळलेल्या असण्याचा संभव असतो. अशा डब्यातून डोळ्यांना सारखा दिसणारा नट उचलून जुन्या क्रीडा गाडीला लावणे धोक्याचे आहे.

मुखाचा आकार : नळीचे टोक पसरून जो शंकूसारखा आकार देतात त्याला कारखान्यात ‘फ्लेअर’ म्हणतात. द्रव अडविण्याचे काम आटे करीत नाहीत. ते हे मुख आणि समोरची बैठक यांच्या घट्ट संपर्काने होते. मुखाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात पसरलेली कड आत दुमडून दुहेरी केलेली असते व आतील बाजूस ४५ अंशांचा खोलगट शंकू तयार होतो. अमेरिकन गाड्यांत हाच प्रकार रूढ आहे. दुसऱ्यात टोक बुडबुड्याप्रमाणे किंवा अळंबीच्या छत्रीप्रमाणे बाहेर फुगविलेले असते. हा यूरोपीय गाड्यांत रूढ आहे. इंग्लिश गाड्यांत हे दोन्ही प्रकार एकाच गाडीत आढळतात. साधारणतः बाहेरून आटे असलेल्या नटासाठी फुगीर व आतून आटे असलेल्या नटासाठी खोलगट मुख करतात. फुगीर मुख खोलगट मुखासाठी केलेल्या बैठकीवर बसविले, तर स्पर्श केवळ एका बारीक वर्तुळापुरता होतो. मग गळती थांबविण्यासाठी नट अधिकाधिक आवळला जातो व मुखाला चीर पडते. पान्याचा जोर हा चुकीच्या आकारावरील उपाय नव्हे.

जुनी नळी काढली की ती लगेच टाकून देऊ नये, हा नियम यातूनच निघतो. तिची दोन्ही टोके, नट व वळणे हाच सर्वांत विश्वासार्ह नमुना असतो. मात्र तीही पूर्वी कोणी चुकीची बसविली नसल्याची खात्री करून घ्यावी.

नळीच्या धातूची निवड : बदली नळीसाठी सामान्यतः चार धातूंचा विचार होतो. (१) मुलामा दिलेले दुपदरी पोलाद हे मूळ स्वरूपाशी जुळणारे, बळकट व स्वस्त असते. परंतु ते पुन्हा गंजते. (२) शुद्ध तांबे वळविण्यास सोपे असते व गंजत नाही. पण त्याचे बल कमी असते व सततच्या कंपनांनी ते कठीण होऊन मुखापाशी तडकण्याची भीती असते. इंग्लंडमध्ये ते दुरुस्तीसाठी दीर्घकाळ वापरात आहे, तर अमेरिकेत त्याला मान्यता नाही. (३) तांबे-निकेल मिश्रधातूत सु. १० टक्के निकेल, एक ते दीड टक्का लोह व उरलेले तांबे असते. बलाच्या बाबतीत तो पोलादी नळीच्या तोडीचा असून वळविण्यास व मुख काढण्यास तांब्याइतकाच सोयीचा असतो. समुद्राच्या पाण्यातही तो सहसा संक्षारित होत नाही. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७६ पासून आपल्या नव्या गाड्यांत याच नळ्या बसविण्यास सुरुवात केली. (४) निष्कलंक पोलाद दिसण्यास सुंदर व टिकाऊ असते. परंतु ते कठीण असल्याने त्याचे मुख बैठकीशी सहज जुळत नाही व साध्या हत्यारांनी मुख नीट काढताही येत नाही.

प्रत्यक्ष चालविल्या जाणाऱ्या गाडीसाठी तांबे-निकेल नळी सर्वांत हितकारक ठरते. तिचा तांबूस रंग मूळ करड्या पोलादापेक्षा वेगळा दिसतो आणि मूळ स्वरूपाच्या स्पर्धांत त्याबद्दल गुण कमी होऊ शकतात. मूळ स्वरूप जपणे व सुरक्षितता यांतील हा पेच खरा आहे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद २०१३ पासून लागू झाली. उत्तरकालीन बदल अपरिहार्य असल्यास ते डोळ्यांत न भरणारे असावेत व काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत, अशी तिची भूमिका आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या तरतुदींनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. तीत चौकट, बांधा व एंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. झिजलेल्या गतिरोधक नळ्या बदलणे हे देखभालीचे काम आहे, त्याने गाडीचा इतिहास पुसला जात नाही. मूळ मार्ग, मूळ वळणे व मूळ पट्ट्या कायम ठेवून केवळ धातू बदलला, तर इतिहास व सुरक्षितता या दोहोंना न्याय मिळतो.

नळ्या मिळविण्याचे मार्ग : लोकप्रिय गाड्यांसाठी मापाप्रमाणे कापलेले, नट व मुखे बसविलेले तयार संच मिळतात. एमजीसारख्या गाड्यांच्या बाबतीत सुटे भाग उपलब्ध राहावेत म्हणून १९७५ मध्ये ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ ही संस्था स्थापन झाली. तिने १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजी ‘बी’चे संपूर्ण सांगाडेही पुन्हा बनविले. संच मागविताना चौकट-क्रमांक, चक्राची बाजू, मंडल व आसाचा प्रकार कळवावा लागतो. दूरवर पाठविण्यासाठी हे संच गुंडाळून बांधतात. त्यामुळे वळणे बहुधा घरी द्यावी लागतात. दुसरा मार्ग म्हणजे कारखान्यात पूर्वी तयार होऊन न वापरता पडून राहिलेला जुना साठा. त्यातील धातूची नळी आतून स्वच्छ असल्यास वापरता येते, परंतु रबरी नळ कितीही नवा दिसला तरी वापरू नये. मोडीत काढलेल्या गाडीची नळी केवळ नमुना म्हणून घ्यावी. दुर्मीळ गाड्यांसाठी गुंडाळीतून नळी कापून हाताने बनविणे हाच खात्रीचा मार्ग उरतो.

नळी बनविणे व बसविणे : प्रथम मऊ तार जुन्या नळीच्या मार्गाने वाकवून तिच्यावरून लांबी काढतात. नळी करवतीने न कापता फिरत्या चाकाच्या कापणीने कापतात व आतील कडेची कूस काढून टाकतात. दुसऱ्या टोकाचे मुख काढण्यापूर्वी दोन्ही नट योग्य दिशेने नळीवर चढवावे लागतात. हे विसरल्यास काढलेले मुख कापून टाकावे लागते व नळी आखूड पडते. वळण नळी वाकविण्याच्या हत्याराने द्यावे. हाताने वाकविल्यास नळी चेपते. तयार नळी आतून स्वच्छ करून टोके झाकून ठेवतात.

नळी निष्कास नळापासून दूर व हलणाऱ्या भागांना न घासणारी असावी आणि मूळ जागी पट्ट्यांनी बांधलेली असावी. मोकळी नळी कंपनांनी थकून तुटते. प्रधान सिलिंडरापाशी काही गाड्यांत नळीला दिलेले वेटोळे शोभेसाठी नसते. ते सांगाड्याची हालचाल सामावून घेते, म्हणून ते वगळू नये. ‘ई-टाइप’सारख्या गाडीत मागील तबकड्या चाकांपाशी नसून विभेदक दंतचक्रपेटीला लागून असतात. तेथील नळ्या बदलण्यासाठी बहुधा मागील पूर्ण चौकट खाली उतरवावी लागते. ती कधीही अन्य कामासाठी उतरविली, तर त्याच वेळी या नळ्या बदलणे शहाणपणाचे ठरते. गळक्या नळीचा तुकडा कापून मधे दाबजोडणी बसविण्याची पद्धत पाण्याच्या नळांपुरती ठीक आहे. गतिरोधकात ती कधीही वापरू नये.

लवचिक नळ : सांगाडा व हलणारे चाक यांमधील जोडणी रबरी नळाने करतात. एमजी ‘बी’मध्ये असे तीन नळ असतात : पुढे दोन व मागील आसाला एक. या नळांत विणलेल्या धाग्यांचे थर असतात. बाहेरून तडे गेलेला नळ ओळखणे सोपे असते. आतून फुगलेला नळ मात्र फसवितो. पेडलाचा जोर द्रवाला त्यातून पुढे ढकलतो, पण पाय उचलल्यावर द्रव परत येत नाही. मग चाक अडकून राहते व तापते, आणि दोष सिलिंडरात शोधला जातो. निष्कलंक पोलादी तारांचे विणलेले आवरण असलेले टेफ्लॉनचे नळ दाबाखाली कमी फुगतात व पेडल कठीण लागते. मात्र आवरणामुळे आतील झीज दिसत नाही. कोणताही नळ बसविल्यावर चक्र दोन्ही टोकांना पूर्ण वळवून तो ताणला, पिळला वा टायरला घासला जात नाही हे पाहावे.

गतिरोधक द्रव : नवीन नळ्यांत जुना द्रव भरू नये. ग्लायकॉलयुक्त द्रवांपैकी ‘डॉट ३’चा कोरड्या स्थितीतील उकळबिंदू किमान २०५° से. व ‘डॉट ४’चा २३०° से. असतो. पाणी शोषल्यावर ते अनुक्रमे १४०° व १५५° से. पर्यंत खाली येऊ शकतात. द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते व पेडल तळाला जाते. म्हणून द्रव साधारण दोन वर्षांनी बदलतात. सिलिकोनयुक्त ‘डॉट ५’ पाणी शोषत नाही व रंग खराब करीत नाही. त्यामुळे दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी काही जण तो पसंत करतात. परंतु तो ग्लायकॉलयुक्त द्रवात मिसळत नाही, म्हणून बदल करताना सर्व रबरी भाग नवे घालून मंडल पूर्ण स्वच्छ करावे लागते. खनिज तेल चुकूनही घालू नये. त्याने या गाड्यांतील रबरी वाट्या फुगून निकामी होतात.

परीक्षण : द्रव भरून हवा काढल्यावर, गाडी उभी असताना पेडल पूर्ण जोराने दाबून काही मिनिटे धरून ठेवावे व दुसऱ्या व्यक्तीने प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून पाहावा. पेडल हळूहळू खाली गेल्यास अथवा कापड ओले झाल्यास दोष सापडेपर्यंत गाडी हलवू नये. यानंतर मोकळ्या जागी मंदगतीने चाचणी घ्यावी व काही दिवसांनी सर्व जोड पुन्हा तपासावेत. हे परीक्षण जोराच्या दाबाखालीच करणे आवश्यक आहे, कारण वर दाखविल्याप्रमाणे हलका दाब नळीचा दोष लपवितो.

अनेक देशांत जुन्या वाहनांना वार्षिक तपासणीतून सवलत असते. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व मोठा फेरबदल न झालेल्या गाड्यांना ती मिळाली. सवलतीमुळे तपासणीची जबाबदारी संपत नाही. ती निरीक्षकाकडून मालकाकडे येते. अभिजात गाडी वर्षातून थोडेच दिवस रस्त्यावर येत असली, तरी त्या दिवशी तिच्यासमोर येणारा पादचारी आजचाच असतो, आणि त्याची सुरक्षितता पेन्सिलीहूनही बारीक अशा एका नळीवर अवलंबून असते.